आलिमा आणि दोन रिकामे कंस

खामगावात कोणाचं पोर संगणकावर काम करतं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "पुण्याले कधी गेलं?" या प्रश्नाची मला चीड आहे आणि ती मी लपवत नाही. माझ्या माडीवर चला, म्हणतो. तिथं बशीरभाईंची आलिमा बसते. ती पुण्याला जाऊन, राहून परत आलेली आहे, आणि पुण्याचं काम तिच्यामागं इथवर चालत आलं आहे.

मी माणिकराव. सगळी नोकरी तार ऑफिसात झाली. तार बंद पडून वर्षं लोटली, तरी गल्लीत मी अजून 'तारमास्तर'च. बशीरभाई माझे शेजारी, मधे एक भिंत तेवढी. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. जुन्या गादीतला गोळा झालेला कापूस काढायचा, पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. त्यांच्या वडिलांच्या हातात पिंजायची धनुकली होती, बशीरभाईंकडे यंत्र आलं, एवढाच काय तो फरक. आलिमा ही त्यांची धाकटी लेक.

ती शेगावला शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. मग तिची आई सुगराबी आजारी पडली, तेव्हा कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेऊन आली, आणि आई बरी झाल्यावरही परत गेली नाही. "इथूनच होते न काम, काका," एवढंच म्हणाली. सुरुवातीला ती दुकानावरच्या खोलीत बसायची. पण पिंजाईचा कापूस कुठंही उडतो. तो तिच्या लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसला आणि पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला. एक दिवस बशीरभाई आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "मास्तर, तुमची माडी तं रिकामीच पडली हाय." मी तोंड उघडायच्या आत आमच्या गीताबाईनं किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. माझ्या घरात माझं किती चालतं, ते यावरून कळावं.

पुढं माडीवर आणखी पोरी आल्या. आलिमानं त्यांना शिकवलं, कंपनीशी त्यांच्यासाठी भांडली आणि कामाला लावून दिलं. त्यांतली करिष्मा जलंबहून येते. पोरगी हुशार, पण बोलते इतकं हळू की मला कानामागं हात धरावा लागतो. पुण्याचे साहेब म्हणाले होते, "ठीक आहे, खामगावची खोली चालवून पाहू." चालवून पाहू, म्हणजे टांगती तलवार. खोली बंद झाली असती तर आलिमाला पुणं उघडंच होतं. करिष्माला मात्र घरचे जलंबच्या पुढं खामगावला पाठवत होते हेच पुष्कळ होतं.

त्यांचं काम काय, हे मला समजायला वेळ लागला, पण समजलं. मोठ्या कंपन्या आता स्वतःचे संगणक फारसे ठेवत नाहीत, दूर कुठंतरी असलेल्या मोठ्या कोठारातले भाड्यानं घेतात. त्याला क्लाउड म्हणतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचं तिथं खातं असतं, कोणाकोणाची अनेक; अशा खात्याला सबस्क्रिप्शन म्हणतात. त्या खात्यात कोणी काय उघडलं, काय पुसलं, कोणाला किल्ली दिली याची नोंद क्लाउड आपणहून ठेवतो, पण तीनेक महिनेच. पुढं ती जाते. टिकवायची असेल तर आधीच सांगून ठेवावं लागतं की बाबा, हिची एक प्रत अमुक जागी पाठवत जा. हे सांगून ठेवणं म्हणजे डायग्नॉस्टिक सेटिंग. गिऱ्हाइकांची अशी खाती सांभाळणं, हे या पोरींचं काम. आलिमाचं गिऱ्हाईक म्हणजे गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट सांभाळणारी एक कंपनी. तेव्हा कोणाच्या रक्तात काय निघालं, हे त्या खात्यांत पडलेलं. तिथं कोण हात घालून गेलं याची नोंद नको, असं कोण म्हणेल?

ते सेटिंग आहे की नाही हे बघायला बटणांचं रंगीत पान असतं. आलिमा तिकडं सहसा फिरकत नाही. ती काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिते: एझेड मॉनिटर डायग्नॉस्टिक-सेटिंग्ज सबस्क्रिप्शन लिस्ट. म्हणजे, या खात्यावर अशी कोणती सेटिंगं आहेत ती सांग. उत्तर खाली अक्षरांतच येतं. मी एकदा विचारलं, "काऊन वं पोरी, एवढं लिहीत बसतं? बटन दाबलं का झालं."

"बटनायत माणूस भटकते, काका," ती म्हणाली. "ओळ लिहिली का आपण नेमकं काय विचारलं ते आपल्यालेच दिसते."

हे मला तिथल्या तिथं पटलं. तारेत आम्ही दुसरं काय करत होतो? शब्द कमी, अर्थ पुरा. शिवाय आमच्याकडे लाईन मंद झाली की ते रंगीत पान गोल गोल फिरत बसतं आणि ओळ मात्र जाते.

सेटिंग असलं तर उत्तरात त्याचं नाव येतं, प्रत कुठं जाते ते येतं. नसलं तर नुसते दोन चौकटी कंस येतात, तोंडाला तोंड लावून, आणि मधे काही नाही.

आता डब्याचं सांगतो, कारण पुढची भानगड तिथून झाली. आमच्या आणि बशीरभाईंच्या घरात एक स्टीलचा डबा फिरतो. मूळचा कोणाचा, यावर गीताबाईचं आणि सुगराबीचं आजवर एकमत झालेलं नाही. ईदला तो शीरखुर्मा घेऊन येतो, पोळ्याला पुरणपोळ्या घेऊन जातो, एरवी अंबाडीची भाजी नाहीतर ठेचा. पण रिकामा तो कधी परत जात नाही. घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा घालायचा, मूठभर शेंगदाणे घालायचे. रिकामं भांडं परत देऊ नये, हे दोन्ही घरांत पोरांना चालायला लागल्याबरोबर शिकवलेलं आहे. आलिमा परकर सावरत हा डबा न्यायची तेव्हापासून मी तिला ओळखतो.

आणि एक गोष्ट तिच्या लहानपणचीच. मंजुळाबाई नावाच्या म्हातारीनं बशीरभाईंकडे गादी भरायला दिली होती. आतल्या कापसात काही राम उरला नव्हता. बशीरभाईंना दया आली. त्यांनी तो कापूस मागच्या पोत्यात टाकला आणि स्वतःच्या पदरचा नवा कापूस भरून गादी कशी फुगीर करून दिली. म्हातारी दुकानातच गादीवर बसली, हातानं दाबून पाहिली आणि म्हणाली, "हे माही गादी नोहे." तिच्या नवऱ्यानं शेतातला वेचून घरी ठेवलेला तो कापूस होता. म्हातारी उठेना. शेवटी बशीरभाईंनी मागचं पोतं उलटं केलं, सापडेल तेवढा जुना कापूस निवडला, पिंजला आणि भरला. गादी चपटी झाली, म्हातारी खुशीत घेऊन गेली. आलिमा तेव्हा पोत्यावर बसून हे सगळं पाहत होती. संध्याकाळी बशीरभाई माझ्यासमोर तिला म्हणाले, "चांगला घातला तरी दुसऱ्याच्या गादीत न इचारता घातला. चुकलंच आपलं."

तर मध्यंतरी त्या लॅबवाल्या कंपनीनं ऑडिट लावलं. त्यांच्या एक मॅडम फोनवरून सगळी खाती तपासणार होत्या. पुण्याच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं की ऑडिट चांगलं गेलं तर खामगावची खोली पक्की, नाहीतर सगळं काम पुण्यात घेऊ. आणि दुसरं बजावलं होतं की या आठवड्यात फक्त पाहायचं आणि कळवायचं, कोणी काही बदलायचं नाही.

त्या दिवशी सकाळी आलिमा जिना चढायला लागली तेव्हा गीताबाईनं तिला अडवलं. डबा आमच्याकडे पडून होता. पोरगी घाईत, म्हणाली, "काकू, द्या तसाच, जाताना नेतो." गीताबाई म्हणाली, "थांब वं, रिकामा डबा नेतात काय कोणी?" आणि त्यात जवसाची चटणी भरून दिली. आलिमानं तो वर नेऊन लॅपटॉपशेजारी ठेवला.

मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला माडीवर गेलो होतो. आलिमा मॅडमच्या आधी स्वतः एकेक खातं पाहून घेत होती. तीच ओळ, खाली उत्तर. सगळं ठीक येत होतं. शेवटचं खातं जुनं, दुसऱ्या कोणाच्या हातून यांच्याकडे आलेलं. तिनं ओळ लिहिली आणि खाली ते दोन कंस आले.

"रिकामं आलं, काका," ती म्हणाली.

करिष्मा उठून तिच्या मागं उभी राहिली. "आलिमाताई, आता वं?"

आलिमानं दुसरी ओळ लिहिली. ती विचारणारी नव्हती, करणारी होती. गिऱ्हाइकाचीच नोंदी ठेवायची एक जागा होती, तिथं प्रत पाठवत जा, असं तिनं त्या खात्याला सांगून टाकलं. मग पहिली ओळ पुन्हा लिहिली. कंसांत आता मजकूर होता. करिष्मानं श्वास सोडला. मलाही बरंच वाटलं. चूक दिसली, पोरीनं दुरुस्त केली, यात वावगं ते काय?

ऑडिट सुरू झालं. मॅडमचा आवाज शांत होता, शब्द तोलून टाकणारा. पडद्यावर आलिमा जे लिहील ते त्यांना तिकडं दिसत होतं. साहेबही फोनवर होते. खात्यामागून खातं गेलं. शेवटी ते जुनं आलं. आलिमानं ओळ लिहिली, उत्तर आलं, नाव, जागा, सगळं.

"छान. म्हणजे याही खात्याच्या नोंदी जपल्या जाताहेत," मॅडम म्हणाल्या. "पुढे जाऊ."

पुढं जायला काहीच नव्हतं. खोली पक्की झाली होती. करिष्मा माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा. आणि आलिमा म्हणाली, "मॅडम, थांबा."

करिष्मानं टेबलाखालून तिला पाय मारला. तो मला दिसला, म्हणजे चांगला जोरात असणार.

"हे सेटिंग आज सकाळी मी केलंय," आलिमा म्हणाली. "त्याआधी इथं काहीच नव्हतं. म्हणजे नोंदी जपल्या जात नव्हत्या. मागच्या तीन महिन्यांच्या सापडतील, त्याआधीच्या गेल्या. तुम्ही 'जपल्या जातात' असं लिहिलं तर ते खोटं होईल."

मग मॅडमनी विचारलं, "आज सकाळी केलं, हे कशावरून?"

आलिमानं आणखी एक ओळ लिहिली, खात्यातली ताजी घडामोड दाखवणारी. उत्तरात सगळ्यांत वर तिचंच नाव आलं. सेटिंग निर्माण केलं, अमक्या बाईनं, आज. म्हणजे त्या रिकाम्या भांड्यात पहिली नोंद पडली ती तिच्याच चुकीची.

"तुम्हाला फक्त पाहायला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मग केलं का?"

एवढा वेळ पोरगी पुस्तकातल्यासारखं बोलत होती. आता तिची जीभ घरी आली. "मॅडम, खरं सांगू का? आमच्याकडे रिकामं भांडं वापस देत नाहीत. ते रिकामं पाह्यलं अन् हात गेला माहा."

"आमच्या घरीही देत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पण भांडं कोणाचं, हे आधी बघतात." मग त्यांनी टिपून घेतल्याचा टकटक आवाज आला आणि ऑडिट संपलं.

साहेबांचा फोन लगेच आला. ते इतके मोठ्यानं बोलत होते की स्पीकर लावायची गरज पडली नाही. "हात लावू नका म्हटलं होतं, हात का लावला? आणि लावला तर लावला, सांगितलं कशाला?" एकाच दमात दोन्ही रागावणं. पहिलं रास्त होतं. दुसरं ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. फोन माझ्या हातात असता तर मी त्यांना वऱ्हाडी काय असते ते दाखवलं असतं. आलिमा फक्त "हो सर, चुकलं सर" म्हणत राहिली. शेवटी ते म्हणाले, ऑडिटचा रिपोर्ट येऊ दे, मग खोलीचं ठरवू.

ते दिवस वाईट गेले. करिष्मा गाडीनं यायची, काम करायची, स्वतःचा जेवणाचा डबा न उघडता परत न्यायची. आलिमाशी ती बोलत नव्हती, आणि तिचं मला चूक वाटत नव्हतं. नोकरी तिची जाणार होती, आणि सांगण्याआधी तिला कोणी विचारलं नव्हतं. मी एकदा आलिमाला बोललोच.

"पोरी, एवढं खरं बोलून राह्यली, खोली गेली तं या पोट्टीनं काय करावं?"

"हाव, काका. तिच्याकडे पाहवत नाही मले," ती म्हणाली. "पण उद्या कोणाचा रिपोर्ट चोरीले गेला, अन् मॅडमनं मागच्या वर्षीची नोंद मागतली, तं कोठून द्यायची? त्याइनं तं जपली हाय असं समजून ठेवलं असतं." मग हळूच म्हणाली, "मॅडम 'पुढे जाऊ' म्हणाल्या न, तवा मले मंजुळाबाई दिसली. गादीवर बसलेली."

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले. वाईट बातमीची तारही अक्षर न बदलता द्यायची, हा आमचा धर्म होता, आणि तो तार खात्यानं शिकवला होता, नियमाचं पुस्तक होतं. या पोरीला तिच्या बापानं पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी शिकवला. तिचा मला अभिमान वाटला, आणि मी तो तिच्या तोंडावर सांगितला. म्हाताऱ्यांनी अशा गोष्टी मनात ठेवू नयेत.

रिपोर्ट आला तेव्हा साहेबांनी तो फोनवर वाचून दाखवला. माडीवर सगळ्या पोरी, दारात मी आणि माझ्या मागं जिन्यात बशीरभाई, अंगावर कापसाचे तंतू घेऊन. पहिला दोष: जुन्या खात्याच्या नोंदी जपलेल्या नव्हत्या. दुसरा दोष: न विचारता बदल केला. दोन्ही स्पष्ट लिहिलेले, काही मऊ केलेलं नव्हतं. शेवटी एक सूचना होती. लॅबवाल्या कंपनीची आणखी बरीच जुनी खाती तपासायची राहिली आहेत, ते काम खामगावच्या ज्या बाईनं आपणहून ऑडिट थांबवलं तिच्याच खोलीकडे द्यावं, पण बदल करायची परवानगी काढून फक्त पाहण्याची ठेवावी. बदल हवा असेल तेव्हा तिनं आधी विचारावं.

"म्हणजे खोली?" करिष्मानं विचारलं. इतक्या मोठ्यानं ती बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"काम तुमच्याकडे आहे तर खोली तिथेच लागणार ना," साहेब जरा नाराजीनंच म्हणाले.

करिष्मा आलिमाच्या गळ्यात पडली आणि मग रडली, आणि मग टेबलाखाली मारलेल्या लाथेबद्दल माफी मागायला लागली. बशीरभाई मला म्हणाले, "मास्तर, पाहा बरं, पोट्टीच्या पंख्यात कापूस तं नाही न गेला माह्या अंगावरचा?" आणि गडबडीनं खाली उतरले. त्यांचे डोळे मी पाहिले होते.

परवानगी काढून घेतल्याचं आलिमाला लागलं. हात बांधल्यासारखं वाटते, म्हणाली. मी म्हटलं, "बांधले नाहीत, धरून ठेवले. फरक हाय." तिला ते कितपत पटलं कोण जाणे.

मग परवा पुन्हा तसं झालं. असंच एक जुनं खातं, तीच ओळ, आणि खाली दोन रिकामे कंस. मी तिथंच होतो. तिचे हात कळफलकाशी गेले आणि तिथून मागं आले. तिनं मॅडमना लिहिलं की अमुक खात्यावर काही सेटिंग नाही, नोंदी जपल्या जात नाहीत, करायचं असेल तर कळवा. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. बसणं हे तिचं काम नव्हे, ते तिला जमतही नव्हतं. करिष्मानं चहा आणला, तो निवला. दुपार कलल्यावर उत्तर आलं. एवढ्या कामापुरती परवानगी सोबत होती आणि वर एकच शब्द: "भरा."

आलिमानं करणारी ओळ लिहिली, मग विचारणारी. "काका, या," म्हणाली. मी चष्मा लावून वाचलं. नाव होतं, जागा होती.

"इचारून भरलं," ती म्हणाली आणि टेबलावरचा डबा उचलून घरी जेवायला निघाली. डबा रिकामा होता, सकाळी घरून काहीबाही भरून आणलेलं वर पोरींनीच संपवलं होतं. जिन्याच्या तळाशी गीताबाई उभीच होती. वरचं सगळं तिनं ऐकलं असणार, आमच्या घरात भिंती नावालाच आहेत. तिनं डबा हातात घेतला, झाकण काढलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "यात काय घालू वं, पोरी?"